नीरेच्या अलीकडे सारोळे

गावे तीन तऱ्हेची असतात. काही गावांना माणसे मुद्दाम जातात, काही गावांतून माणसे मुद्दाम निघून जातात, आणि काही गावांत माणसे नुसती थांबतात. सारोळे हे तिसऱ्या तऱ्हेचे गाव. तालुका भोर, जिल्हा पुणे; पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर, नीरा नदीच्या अलीकडच्या तीराला. गाव संपते तिथे पूल लागतो आणि पूल संपतो तिथे जिल्हा बदलतो. पलीकडे शिरवळ, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. दोन्ही तीरांवरची माती तीच, बाभळी त्याच, बोलीही तीच. पण तलाठी वेगळा, मामलेदार वेगळा आणि कलेक्टरही वेगळा.

या सडकेने कधीच गेला नाही असा पुणेकर विरळा. कात्रजचा बोगदा मागे पडला की शिवगंगेचे खोरे सुरू होते. खेड-शिवापूर येते, मग चेलाडीचा फाटा. तिथून उजवीकडे वळले की नसरापूर, बनेश्वराची गर्द राई आणि त्यापुढे वेल्ह्याच्या बाजूला राजगड-तोरणा. कापूरहोळला उजवा रस्ता भोरला जातो. पंतसचिवांचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्यांचा राजवाडा अलीकडे चित्रपटवाल्यांच्या कामी येतो. डावा रस्ता नारायणपूर आणि पुरंदरकडचा. किकवी मागे पडली की आलेच सारोळे. इथूनही डावीकडे एक वाट फुटते, ती वीरच्या धरणाकडे आणि म्हस्कोबाच्या देवळाकडे. थोडक्यात, उजव्या हाताला इतिहास, डाव्या हाताला देव, समोर महामार्ग आणि मधोमध चहा!

नीरेबद्दल मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. भोरच्या पश्चिमेच्या डोंगरांतून ती येते, वाटेत देवघरच्या धरणात विसावते, १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघरच्या मोठ्या धरणातून सुटलेले वेळवंडीचे पाणी पोटात घेते आणि सारोळ्याच्या पुलाखालून वीरच्या जलाशयाकडे जाते. आणखी खाली, नीरा गावापाशी, ज्ञानोबांची पालखी हीच नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि पादुकांना नीरास्नान होते. पलीकडच्या शिरवळला सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी, १६४८च्या सुमारास, त्याच्यासाठी मराठ्यांनी तलवारी परजल्या होत्या. आता तिथून फक्त ट्रक परजत जातात.

एवढे वाचून कोणी चाणाक्ष वाचक विचारील, की अशा गावी तुमचे काय काम? तर काम एवढेच, की मला फुटबॉलचे वेड आहे, आणि पुण्याच्या माणसाला ते वेड भागवायचे झाल्यास कोल्हापूरचा रस्ता धरावा लागतो. कोल्हापुरात हा खेळ तालमींनी पोसला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परक्या माणसाला लाल माती आणि मुद्गल आठवतील. पण शाहू स्टेडियमवर जाऊन पाहा. पाटाकडीलचा सामना असला की निम्मे शहर एका बाजूला आणि उरलेले निम्मे दुसऱ्या बाजूला. विश्वचषकाच्या दिवसांत तर गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात भाऊबंदकी सुरू होते. अशा एखाद्या सामन्याला निघालो की सारोळ्याला थांबायचे, भजी खायची, चहा घ्यायचा आणि हॉटेलाच्या बाकावर जगाच्या फुटबॉलचा निकाल लावायचा, हा माझा कैक वर्षांचा परिपाठ आहे.

या बाकाचे कायमचे सभासद दोन. एक हॉटेलाचे मालक, ज्यांना सारे गाव आबा म्हणते. आणि दुसरे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. डिसेंबर २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा गुरुजींच्या हातात आठवड्यापूर्वीचे वर्तमानपत्र होते आणि त्यांचा चेहरा परीक्षेत मुलगा नक्कल करताना सापडल्यासारखा झाला होता.

“वाचलंत का?” ते म्हणाले. “विश्वचषकाचे गट पाडायला वॉशिंग्टनला सभा भरली, आणि तिथं फिफाने अमेरिकेच्या अध्यक्षांना शांततेचं पारितोषिक दिलं. फुटबॉलच्या संस्थेने! उद्या आमच्या दूध सोसायटीने कुस्तीची गदा वाटली तर चालेल का?”

वाचले होते. ५ डिसेंबरला केनेडी सेंटरमध्ये तो सोहळा झाला होता, आणि असे पारितोषिक देण्याची फिफाची ही पहिलीच वेळ होती. २०२६च्या विश्वचषकाचे यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तिघांना मिळालेले. एकशे चार सामन्यांपैकी अठ्ठ्याहत्तर एकट्या अमेरिकेच्या वाट्याला आलेले. यजमानाला खूश ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे. पण लग्नघरी जेवायला गेलेल्या भटजीने यजमानाला वीरचक्र देऊन यावे, हे जरा अधिकच झाले.

“म्हणून म्हणतो,” गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, “खेळात राजकारण आणू नये.”

वाचकहो, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे. हे वाक्य नेहमी तोच म्हणतो, ज्याचे तिकीट आधीच निघालेले असते. ऑगस्ट २०२२मध्ये आपल्या फुटबॉल महासंघाचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीकडे होता. तेव्हा ‘बाहेरचा हस्तक्षेप’ झाला म्हणून याच फिफाने भारतावर बंदी घातली आणि त्याच महिन्यात उठवली. म्हणजे आमच्या न्यायालयाने नेमलेली समिती हे राजकारण, आणि राष्ट्राध्यक्षांच्या गळ्यात पदक ही मात्र क्रीडासेवा!

मी गुरुजींना एक गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो.

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक झाला. त्यात भारताला जागा मिळाली होती. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव होते. आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही, अशी एक रम्य कथा आपल्याकडे चहाबरोबर दिली जाते. खरी कारणे तेवढी रम्य नाहीत. समुद्रमार्गे लांबचा प्रवास होता, तयारी अपुरी होती, आणि आपल्या कारभाऱ्यांना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटत नव्हते. ते असो. त्याच स्पर्धेत २९ जूनला बेलो होरिझाँते या गावी अमेरिकेच्या हौशी संघाने इंग्लंडला १-० असे हरवले. तो गोल करणारा जो गेटजेन्स हा अमेरिकन नव्हताच! तो हैतीचा. न्यूयॉर्कला शिकायला आलेला, आणि पोटासाठी एका उपाहारगृहात बशा विसळणारा. पुढे तो मायदेशी परतला. १९६४च्या जुलैमध्ये हैतीच्या हुकूमशहाच्या माणसांनी त्याला धरून नेले, आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचे घरचे लोक हुकूमशहाच्या विरोधात होते, एवढाच त्याचा अपराध.

नोव्हेंबर २०२५मध्ये हैतीचा संघ १९७४नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. देशात टोळ्यांचा धुमाकूळ चाललेला, म्हणून ‘घरचे’ सामनेदेखील त्यांना कुरासाव बेटावर खेळावे लागले. पात्र ठरले ते अमेरिकेत होणाऱ्या विश्वचषकाला. पण जून २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काही देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा हुकूम काढला होता. त्यात हैतीचे नाव होते आणि इराणचेही. खेळाडू आणि त्यांच्याबरोबरचे लोक यांना त्या हुकमात सूट दिली होती. प्रेक्षकांना नव्हती. ज्या देशाच्या पोराने अमेरिकेला तिचा सर्वांत गाजलेला गोल मिळवून दिला, त्या देशाची माणसे दारावरच अडली.

आबा भजी तळत होते. झारा कढईच्या काठावर आपटून ते म्हणाले, “म्हंजी नवरा मांडवात आन् वऱ्हाड वेशीभाईर!”

इतक्या थोडक्यात हे कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुलाकडे पाहत गुरुजी काही वेळ गप्प बसले. शिरवळहून आलेली एसटी पुलावरून अलीकडे येत होती. जिल्हा ओलांडला म्हणून तिच्यातल्या कोणालाही कागद दाखवावा लागला नव्हता.

आता, मी अमेरिकेची निंदा करायला बसलो आहे असे कोणी समजू नये. फुटबॉलच्या वेड्याने न्याय दोन्ही गोलांना दिला पाहिजे. १९७२ साली त्याच वॉशिंग्टनमध्ये, निक्सनसाहेबांच्या सहीने, एक कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्था सरकारी पैसा घेतात त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, एवढाच त्याचा मतलब. त्या कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण शाळा-कॉलेजांना मुलींसाठी संघ काढावे लागले, मैदाने द्यावी लागली, शिक्षक नेमावे लागले. परिणाम? १९९१ साली स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला तो अमेरिकेने जिंकला. १९९९ साली पॅसाडेना येथे अंतिम सामना पाहायला नव्वद हजारांवर माणसे लोटली. २०१५ आणि २०१९चे मिळून चार विश्वचषक त्यांच्या मुलींनी घरी नेले. पुरुषांना आजवर एकही मिळालेला नाही! मग मुलींनी पुरुषांइतक्याच मोबदल्यासाठी स्वतःच्याच संघटनेला कोर्टात खेचले, आणि सप्टेंबर २०२२मध्ये समान मोबदल्याच्या करारावर सह्या झाल्या. विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कमसुद्धा एकत्र करून वाटून घेण्याचे ठरले. आता सांगा, हे राजकारण खेळात आणले नसते तर काय झाले असते?

आणि त्या कायद्याची फळे आपल्यालाही चाखायला मिळाली, जरा कडू. मोठ्यांच्या विश्वचषकात आपण कधी खेळलो नाही. पण सतरा वर्षांखालील दोन विश्वचषक भारतात झाले, आणि दोन्ही वेळी आपली पहिली गाठ पडली अमेरिकेशीच. ६ ऑक्टोबर २०१७ला दिल्लीत मुलगे ०-३ असे हरले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून आमच्या बाकावर तो पराभवही घरचा वाटला. ११ ऑक्टोबर २०२२ला भुवनेश्वरला मुली ०-८ अशा हरल्या.

“आठ?” असा आवाज आतून आला.

ही आबांची नात. आठवीत शिकणारी, दोन वेण्यांची, आणि हाताच्या पंजाला जुना रुमाल गुंडाळून बसलेली. शाळेच्या संघात ती गोल राखते, ही बातमी मला त्या दिवशी गुरुजींनी दिली. २०१७च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने दहा लाख पोरांना एका दिवशी फुटबॉल खेळायला लावण्याचा बेत काढला होता आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले होते, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले असेल. त्या चेंडूंपैकी काही हवा जाऊन कपाटात निजले, काही विहिरीत पडले, आणि काही मात्र पोरांच्या पायांत राहिले. हिच्या शाळेत खेळ टिकला तो असा.

“आठ खाल्ले म्हंजे अडवले किती असतील?” तिने विचारले. “ते कुटं लिवलंय का?”

मी निरुत्तर झालो. पस्तीस वर्षे वर्तमानपत्रांची क्रीडापाने वाचतो आहे. अडवलेल्या गोलांचा हिशेब ठळक अक्षरांत छापलेला मला आठवेना.

पण खरा प्रश्न पुढेच होता. तिची निवड जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेसाठीच्या सरावाला झाली होती. सराव शाळा सुटल्यावर, आठवड्यातून तीन दिवस, तालुक्याच्या गावी. आणि आबांनी नाही म्हटले होते. गुरुजी तीन आठवडे त्यांची मनधरणी करत होते. मला तर आयताच मुद्दा सापडला. मी अमेरिकेचा कायदा, नव्वद हजार प्रेक्षक, समान मोबदला यांची सरबत्ती सुरू केली. भारताच्या मुलीही मागे नाहीत हे सांगितले. जानेवारी २०२२मध्ये आशियाई चषक आपल्याच दारी, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. करोना संघात शिरला, सामन्याला लागणारे तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि यजमान असून भारताला स्पर्धेतून बाद व्हावे लागले. त्याच मुलींच्या संघाने ५ जुलै २०२५ला थायलंडमध्ये थायलंडला २-१ असे हरवून पुढच्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

आबांनी सारे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, कायदा चांगला हाय. पर हितं शेवटची यष्टी सहाला सुटती, त्येचं काय? सराव सुटतोय साडेसहाला. मंग अंधारात पोरगी फाट्यावर एकली हुबी ऱ्हानार. तुमचं अमेरिकेचं निक्सनसायेब येनार हाय का सोबतीला?”

आणि वाचकहो, त्या क्षणी मला राजकारण म्हणजे काय ते जेवढे स्पष्ट दिसले तेवढे कोणत्याही अग्रलेखात दिसले नव्हते. आबा मागासलेले नव्हते. मुलीने अर्धी विजार घालावी की नाही हा वाद त्यांनी कधीच सोडून दिला होता. त्यांची अडचण अर्ध्या तासाची होती. शाळकरी मुलींना एसटीचा पास फुकट आहे; सरकारने तो देऊन पुण्य जोडले आहे. पण पास फुकट असून गाडीच नसेल तर तो पास वहीत ठेवायच्या मोरपिसासारखाच. राष्ट्रीय संघ का जिंकत नाही यावर आपण परदेशी प्रशिक्षक, विदेशी डावपेच आणि खेळाडूंची उंची यांच्या चर्चा करतो. सारोळ्याच्या बाकावर त्याचे उत्तर सहा आणि साडेसहा यांच्या मध्ये सापडते.

भांडी घासता घासता आबांच्या कारभारणी हे सगळे ऐकत होत्या. हात पुसून त्या बाहेर आल्या. “मी जाईन तिच्यासंगं,” त्या म्हणाल्या. “मला अर्ध तिकीट हाय. तीन दिस तर हायेत. जाताना जाऊ यष्टीनं, येताना दुधाच्या गाडीवाल्याला सांगू. त्यो सातला येतोच की सारोळ्याला, आपलाच मानूस हाय.”

“आन् हाटेल?”

“तीन दिस तुमी भांडी घासा.”

गुरुजींनी घाईने चष्मा पुसायला काढला. आबा काही बोलले नाहीत. पण भज्यांची जी बशी माझ्यासमोर आली तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. या घरातला ठराव एकमताने संमत झाल्याची ती खूण असावी.

तेव्हा माझे मत आता ऐका. राष्ट्रीय संघ ही काही दिल्लीत तयार होणारी वस्तू नव्हे. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि आपण चौथे आलो. १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके आणली. त्यानंतर आपण इतरांचे संघ उसने घेऊन ओरडायला शिकलो. कोल्हापूरच्या गल्लीत ब्राझीलचा झेंडा लावायला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या सुंदर खेळावर प्रेम करणे हा मनाचा मोठेपणाच आहे. पण घरची पोरे खेळत असताना बाके रिकामी असावीत हे बरे नव्हे. जून २०१८मध्ये मुंबईत अंधेरीला भारताने पाच गोलांनी सामना जिंकला तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार होते. मग सुनील छेत्रीने हात जोडून सांगितले, की आम्हांला शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. पुढच्या सामन्याची सारी तिकिटे संपली. कर्णधाराला भिक्षा मागावी लागली, हे आपल्याला भूषण नाही. पण लोक आले, हे विसरण्यासारखेही नाही.

आणि राजकारण? ते खेळात आहेच. प्रश्न एवढाच, की ते पदक घेऊन व्यासपीठावर चढते की गाडी घेऊन फाट्यावर येते. वॉशिंग्टनमध्ये दोन्ही प्रकार झाले. १९७२ सालचा कायदा होतानाही तिथे राजकारणच होते, आणि हैतीच्या प्रेक्षकाला दारावर अडवतानाही राजकारणच. आपण निवड करायची ती खेळ आणि राजकारण यांत नव्हे, तर या दोन राजकारणांत.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूर, महाबळेश्वर किंवा पाचगणीच्या वाटेने जाणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. नीरेच्या पुलाआधी गाडी पाच मिनिटे बाजूला घ्या. पावसाळा नुकताच सरलेला असतो, नदी भरून वाहत असते, आणि पलीकडच्या तीरावर दुसरा जिल्हा सुरू होतो ही गंमत मुलांना दाखवण्यासारखी आहे. चहा घ्या, भजी घ्या. संध्याकाळी सातच्या सुमारास असाल, तर दुधाची गाडी येऊन थांबेल. तिच्यातून एक म्हातारी उतरेल आणि तिच्यामागून दोन वेण्यांची एक मुलगी. तिला किती गोल झाले असे विचारू नका. किती अडवले ते विचारा.